कॅमेरा नवऱ्याच्या हातात

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय ते भयपटांच्या एका ठरावीक जातीबद्दल. तरुण जोडपं, नवं घर, घरात पाळणा हलणार म्हणून आनंदीआनंद, आणि मग हळूहळू लक्षात येतं की बाईच्या पोटात वाढतंय ते साधंसुधं मूल नव्हे. हे सगळं आपण बघतो नवऱ्याने हौसेनं घेतलेल्या कॅमेऱ्यातून. पात्रांनी स्वतःच केलेलं शूटिंग नंतर कुणाच्या तरी हाती लागलं, असं भासवणारा सिनेमा म्हणजे फाउंड फुटेज. घरात कुणी गरोदर असेल तर सासूबाईंनी लगेच रेडिओ बंद करायला धावू नये. माझी तक्रारच ही आहे की हे सिनेमे घाबरवत नाहीत.

आता फाउंड फुटेज या प्रकारातच काही राम नाही, असं मी म्हणणार नाही. 1999 चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आठवा. तीन तरुण जंगलात वाट चुकतात. शेवटाकडे त्यातली मुलगी कॅमेरा स्वतःकडे वळवते, अगदी नाकाशी धरते, आणि रडत रडत सगळ्यांच्या आयांची माफी मागते. चेहरा धड चौकटीतही मावत नाही. भूत कुठंच दिसत नाही, तरी अंगावर काटा येतो. कारण घाबरलेलं माणूस आणि कॅमेरा धरणारं माणूस तिथं एकच आहे.

गरोदरपणाच्या सिनेमात नेमकी इथंच फारकत होते. कॅमेरा नवऱ्याच्या हातात आणि भीती बायकोच्या पोटात.

उदाहरण म्हणून 2014 चा 'डेव्हिल्स ड्यू' घेऊ. हनिमूनला डोमिनिकन रिपब्लिकमध्ये गेलेलं जोडपं, एक टॅक्सीवाला त्यांना भलत्याच पार्टीला नेतो, त्या रात्रीचं दोघांना काही आठवत नाही, आणि घरी परतल्यावर दिवस गेल्याचं कळतं. सिनेमा सुरू होतो तोच रक्ताने माखलेल्या नवऱ्याची पोलीस चौकशी दाखवून. म्हणजे शेवट काय होणार ते पहिल्याच मिनिटाला हातात ठेवलं! पुढे शाकाहारी बायको सुपरमार्केटमध्ये कच्चं मांस तोंडात कोंबते. आपण ते लांबून बघतो, पुलावरून अपघात बघावा तसं. ई, काय हे, एवढंच मनात येतं. तिला काय वाटलं, याचा पत्ता नाही.

आता त्याच जातीचा 1968 चा प्रसंग सांगतो, 'रोझमेरीज बेबी'मधला. त्यातली गरोदर रोझमेरीही स्वयंपाकघरात कच्ची कलेजी खाते. खाता खाता तिला समोरच्या चकचकीत टोस्टरमध्ये स्वतःचं तोंड दिसतं. ती दचकते, तिला उलटी होते. इथं कॅमेरा कुणाच्याही हातात नाही, आणि म्हणूनच तो तिच्याजवळ जाऊ शकतो. किळस आपल्याला येण्याआधी तिला स्वतःची येते. ज्या बाईला कधीतरी मध्यरात्री भाजक्या मातीचे डोहाळे लागले असतील, आणि असे डोहाळे लागतात बरं का, तिला हा टोस्टर समजावून सांगावा लागणार नाही.

या जुन्या सिनेमाची खरी ताकद संशयात आहे. शेजारची म्हातारी रोज काहीतरी घोटून आणते, घे म्हणते, बाळासाठी चांगलं असतं म्हणते. नवरा समजूत घालतो, डॉक्टर पाठीवर थाप मारतात. ही बाई खरं बोलतेय की तिचं डोकं फिरलंय? प्रेक्षकाला शेवटपर्यंत खात्री देता येत नाही. आपल्या इंदुरातल्या मराठी घरांत हे वेगळं सांगायला नको. ग्रहणात सुरी धरू नकोस, हा काढा घे, तो पपईचा तुकडा ठेव खाली. सगळे प्रेमानंच सांगतात. पण तिचं दुखतंय कुठं, हे विचारायचं राहून जातं.

कॅमेऱ्याने पुरावाच टिपून ठेवला की हा संशय मेला. 'डेव्हिल्स ड्यू'त त्या पार्टीच्या रात्री झालेला सैतानी विधी आपण शूटिंगमध्ये आधीच पाहिलेला असतो. मग ती बिचारी सांगतेय आणि कुणी ऐकत नाहीये, यातली घुसमट उरतच नाही. नवऱ्याला फुटेज कधी दिसतंय, एवढ्याचीच वाट बघायची. बाई बाजूला राहते आणि सिनेमा नवऱ्याच्या हेरगिरीचा होतो.

वेळेचीही पंचाईत आहे. 2007 चा स्पॅनिश 'रेक' एका इमारतीत एका रात्रीत उरकतो, म्हणून दम धरायला जागा मिळत नाही. गरोदरपण चाळीस आठवड्यांचं. ते दीड तासात बसवायचं म्हटलं की उड्या माराव्या लागतात: आज चाचणी, उद्या सोनोग्राफी, परवा सातवा महिना. मधलं काही न घडणारं वाट बघणं कापलं जातं, आणि गरोदरपणात तेच तर सगळ्यात लांबलचक असतं.

शिवाय एवढं शूटिंग चालतं तरी कसं? आपल्याकडे सोनोग्राफी सेंटरच्या दारातच गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी असते. 1994 च्या कायद्यापासून हा सगळा मामला कडक आहे, आणि फोन पर्समधून काढला तरी बहुतेक ठिकाणी सिस्टर डोळे वटारतात. नवरा बाहेरच्या बाकावर. सुदामा नगरातला कुठलाही होणारा बाप तुम्हाला सांगेल की त्याने त्या खोलीत हँडीकॅम फिरवलेला नाही. 2013 च्या 'डिलिव्हरी'ने निदान या अडचणीवर तोड काढली होती. त्यात जोडप्याच्या पहिल्या बाळंतपणावर टीव्हीचा रिअॅलिटी शो चाललेला आहे, म्हणजे कॅमेरा का आहे हा प्रश्न मिटला.

'डेव्हिल्स ड्यू'च्या दिग्दर्शकांना बाईची भीती कळत नव्हती, असंही म्हणता येत नाही. त्याच दोघांनी 2019 मध्ये 'रेडी ऑर नॉट' केला. लग्नाच्या रात्रीच सासरचे लोक नव्या सुनेच्या जिवावर उठतात. हँडीकॅम गेला, कॅमेरा नवरीच्या अंगासरशी आला, आणि सिनेमा एकदम पळायला लागला. आपल्या मराठीतला 2017 चा 'लपाछपी'ही तसाच. पूजा सावंतची गरोदर नेहा, उसाच्या फडातलं एकाकी घर, आणि उषा नाईकांची तुळसाबाई तिला मायेनं वाढतेय. ऊस भरदुपारी भीती दाखवतो, कारण आपण नेहाला सोडून कुठं जातच नाही. त्यातून स्त्रीभ्रूणहत्येचा विषय निघतो, म्हणजे सोनोग्राफीच्या दारातली ती पाटी इथं कथेच्या गाभ्यात आहे.

तरीही या प्रकाराला मी कुलूप लावणार नाही. इंदुरात मोबाइलवर शॉर्टफिल्म करणारी पोरं आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. डोहाळजेवणाचं शूटिंग घ्या. फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा नि दुसरीत बर्फी. ती एक वाटी उघडते, बायका हसतात, शूटिंगवाला म्हणतो, "भाभीजी, एक बार और उठाइए, लाइट ठीक नहीं थी." तिला पुन्हा वाटी उचलावी लागते, पुन्हा तस्संच हसावं लागतं. आणि या वेळी झाकणाखाली पेढाही नसतो नि बर्फीही नसते, पण हसणं कुणी थांबवत नाही. मग रात्री ती स्वतःचा फोन उशीला टेकवून आईला व्हिडिओ कॉल लावते. इथून पुढचा सगळा सिनेमा तिच्या हातातल्या फोनवर करा. नवऱ्याला फोनला हात लावू देऊ नका. आणि हो, पार्श्वसंगीत घालू नका. सापडलेल्या फुटेजमध्ये व्हायोलिन कोण वाजवत होतं, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. नमस्कार.