धंदा बसलेल्या माणसाचे मोजमाप

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

आपल्या नागपुरात स्थळ पाहताना मुलगा सरकारी नोकरीत असेल तर पुढचे प्रश्न थोडेच असतात. तो धंद्यात असेल तर चौकशी लांबते, आणि त्याचे आधीचे दोन धंदे बसले आहेत असे कळले की ती तिथेच थांबते. चौकशी करणाऱ्यांना मी दोष देत नाही, मुलीच्या बापाला जोखीम पाहावीच लागते. परंतु बुडालेले धंदे बोटांवर मोजायचे आणि तेवढ्यावरून माणसाला अपयशी ठरवायचे, ही जोखीम पाहण्याची रीत मला मान्य नाही.

या शहराच्या उद्योगाची कथाच एका अडचणीत आलेल्या पेढीपासून सुरू होते. 1865 मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि टाटांची पेढी त्यात सापडली. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते आणि त्यांच्याजवळच्या हुंड्यांना, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी वचनांना, काही किंमत उरलेली नव्हती. त्यांनी धनकोंपुढे, म्हणजे ज्यांचे देणे होते त्यांच्यापुढे, सगळा हिशेब उघडा केला, तेव्हा धनकोंनी त्या व्यवहारांच्या निरवानिरवीचे काम महिना 20 पौंडांवर त्यांच्याकडेच सोपवले. पुढे 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि तिथेही आरंभी स्वस्तात घेतलेली यंत्रे कुचकामी ठरल्याने ती बदलावी लागली. मात्र ही कथा व्याख्यानांतून बहुधा अर्धीच सांगितली जाते. जमशेटजींच्या मागे वडील होते, आणि ब्रिटिशांच्या 1868 च्या ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेला रसद पुरवण्याच्या कंत्राटातून त्या घराला पुन्हा भांडवल मिळाले. ज्याच्या मागे असे कंत्राट नाही, त्याला ‘पडलात तर पुन्हा उठा’ असे सांगायला वक्त्याचे काय जाते?

म्हणून आपल्या आवाक्यातले उदाहरण घेतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी प्रथम संत्र्याचा रस बाटल्यांत भरून विकायचे ठरवले. नागपुरी संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो, पण काही तास ठेवला किंवा तापवला की त्यात लिमोनिन नावाचे द्रव्य तयार होते आणि तो कडू पडतो. पहिलीच मोठी खेप दुकानांतून परत आली आणि कारखाना बंद झाला. दुसऱ्या वेळी ते रस सोडून स्क्वॉशकडे वळले. साखरेने कडूपणा झाकला गेला, माल खपलाही; परंतु आंबिया आणि मृग असे दोन बहार धरले तरी संत्रा वर्षभर मिळत नाही, आणि बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने भरावा लागतो. तिसरा धंदा त्यांनी मुद्दाम हंगामावर न अवलंबणारा निवडला, तो पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. तिथे एका मोठ्या ग्राहकाने पैसे अडकवले. लघुउद्योगांचे देणे फार तर 45 दिवसांत चुकते करावे असे 2006 चा कायदा सांगतो, आणि उशीर झाल्यास जबर व्याजही लावतो. पण ज्याच्याकडून निम्मा धंदा येतो त्याच्याविरुद्ध तक्रार करायला जीभ रेटत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

लोक म्हणतात, हा मनुष्य तीनदा बुडाला. मला त्यात दिसते ते असे की तिन्ही वेळा कारण वेगळे होते, आणि मागच्या खेपेचे कारण पुढच्या धंद्यात पुन्हा आले नाही. शिवाय प्रत्येक वेळी यंत्रे विकून आधी हमालांची मजुरी दिली गेली, मग बाटलीवाल्याचे आणि कागदवाल्याचे बिल. कागदवाला आजही त्यांना उधारीवर माल देतो, आणि बाजारात याहून मोठे प्रमाणपत्र मला माहीत नाही. याउलट इतवारीतला एक कापड-व्यापारी माझ्या पाहण्यात आहे. त्याने तीन दुकाने एकाच पद्धतीने, म्हणजे वसुलीचा विचार न करता उधारी वाटून बुडवली आणि दर वेळी नव्या नातेवाइकाकडून पैसे घेतले. त्याला अपयशी म्हणायला मला मुळीच संकोच वाटत नाही, मग तो अनुभवाच्या कितीही गोष्टी सांगो.

गंमत अशी की आपला कायदा या बाबतीत समाजापेक्षा उदार आहे. आयकराचे विवरणपत्र वेळेवर भरले असेल तर धंद्यातला तोटा पुढच्या 8 वर्षांच्या धंद्यातल्या नफ्यातून वजा करता येतो. पूर्वी त्यासाठी तोच धंदा चालू ठेवावा लागे. 1999 च्या वित्त कायद्याने ती अट काढून टाकली. म्हणजे दुकान गेले तरी माणूस तोच आहे, हे आयकर खात्याने मान्य केले आहे! राज्यघटनाही दिवाळखोराला खासदार वा आमदार होण्यास मनाई करते ती न्यायालयाने त्याला मुक्त करेपर्यंतच.

अडचण आहे ती ही मुक्तता मिळवण्याच्या वाटेत. 2016 च्या नव्या दिवाळखोरी संहितेचा बोलबाला झाला, पण तो कंपन्यांपुरता. व्यक्तींसाठीचा भाग 2019 मध्ये लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. एकट्याच्या मालकीचे दुकान असलेल्या नागपूरच्या माणसाला अजूनही 1920 चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा धरून जिल्हा न्यायालयात जावे लागते. देणे 500 रुपये असले की अर्ज करता येतो असे तो कायदा म्हणतो, यावरून त्याचे वय कळावे. अब्रू जाईल या भीतीने तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. त्यापेक्षा लोक भिशी मोडतात, चढ्या व्याजाने पैसे उचलतात आणि घरातले सोने गहाण टाकतात.

हे सोने कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. बँक, कागदवाला आणि हमाल यांची देणी फिटली की धंदा सचोटीने बंद केला असे आपण म्हणतो, परंतु ज्या पत्नीचे दागिने त्यात गेले तिला धनकोंच्या यादीत कोणी धरत नाही. हिंगण्याच्या गृहस्थांनीही पहिल्या दोन वेळा धरले नव्हते, आणि त्यांच्याविषयी माझा आक्षेप असेल तर तो एवढाच आहे. चौथा धंदा काढताना मात्र त्यांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर पत्नीचे नाव, सोन्याचे वजन आणि परतफेडीची मुदत लिहून खाली सही केली आहे. तो धंदा चालेल की नाही हे आज सांगता येणार नाही. त्याचा पहिला हंगामच अजून संपायचा आहे.