कला शाखेची पदवी, तिशी ओलांडलेली आणि अर्ज वैद्यकीय शिक्षणाचा

मंडळी, आधी एक काम करू. ‘मला माणसांची आवड आहे’ हे वाक्य आपण सगळे मिळून अर्जातून खोडून टाकू. माणसांची आवड शिक्षकाला असते, वकिलाला असते, एखाद्या तिकीट तपासनिसालाही असेल. कला शाखेचा पदवीधर उशिरा वैद्यकीय शिक्षणाकडे वळतो तेव्हा त्याला सगळ्यात आधी हेच वाक्य सुचतं. निवड समितीला मात्र भलत्याच शंका असतात. याला रसायनशास्त्र झेपेल का? आजारी माणसाजवळ याने कधी वेळ काढलाय का? आणि इतकी वर्षं सोडून आत्ताच का? आज मी पहिल्या शंकेवर जास्त बोलणार आहे, कारण आपण तिच्यापासूनच पळतो.

विज्ञानाची ही अट आली कुठून? अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात फी भरेल त्याला डॉक्टर करून सोडणारी खासगी कॉलेजं भरपूर होती. १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने वैद्यकीय शाळा सुरू केली ती आधीची पदवी आणि विज्ञानाची तयारी मागूनच. १९१० मध्ये तिथल्या वैद्यकीय कॉलेजांवर अब्राहम फ्लेक्सनरचा अहवाल आला. त्याने भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचा पाया असल्याशिवाय कोणाला घेऊच नये असा आग्रह धरला, आणि त्यानंतरच्या वर्षांत कितीतरी कॉलेजं बंद पडली. म्हणजे या अटीचा रोख साहित्य-इतिहासवाल्यांवर नव्हता, पदव्या विकणाऱ्यांवर होता. गंमत अशी की फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हता. प्राचीन भाषा-साहित्य शिकलेला, शाळा चालवणारा माणूस होता तो.

मग विज्ञान थोडं कमी असलं तर चालतं का, हे कोणी तपासून पाहिलं? पाहिलं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय शाळेने १९८७ पासून मानव्यविद्या शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना वेगळ्या दाराने घ्यायला सुरुवात केली. त्यांना सेंद्रिय रसायन नको, भौतिकशास्त्र नको, एमकॅट ही प्रवेश परीक्षाही नको. २०१० मध्ये या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकूण कामगिरीत ते इतरांच्या बरोबरीने होते. परवान्याच्या पहिल्या परीक्षेत सरासरी गुण थोडे कमी पडले, आणि मनोविकार किंवा प्राथमिक आरोग्यसेवेकडे वळण्याचा कल जास्त दिसला.

हा अभ्यास आपल्याकडची मंडळी ढालीसारखा पुढे करतात. जरा थांबा. ती मुलं विशीतली होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातच पारखून घेतलेली होती, आणि अभ्यासाची सवय मोडलेली नव्हती. त्यातून सिद्ध होतं ते एवढंच की साहित्य शिकल्याने डोकं विज्ञानाला निकामी होत नाही. पंधरा वर्षांत एकही समीकरण न सोडवलेल्या माणसाबद्दल तो अभ्यास काहीच सांगत नाही. त्या माणसाला ताजा पुरावा द्यावा लागतो, आणि तो कुठे, कसा द्यायचा हे देशागणिक बदलतं.

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतरच सुरू होतं आणि ती पदवी कोणत्याही विषयातली चालते. मात्र बहुतेक ठिकाणी जीवशास्त्र, रसायन, सेंद्रिय रसायन आणि भौतिकशास्त्र प्रयोगशाळेसह केलेलं लागतं. पदवीत ते नसेल तर त्यासाठीच आखलेले पदवीनंतरचे अभ्यासक्रम आहेत. नोकरी सांभाळून संध्याकाळी हे विषय करणारे पुष्कळ असतात. माझं मत विचाराल तर एकदम चार विषय घेऊन सगळ्यांत काठावर पास होण्यापेक्षा एकच विषय घ्या आणि त्यात उत्तम श्रेणी मिळवा. समिती जुनी गुणपत्रिका माफ करते, कालची करत नाही. पुढे एमकॅटचे चार भाग. त्यातल्या एका भागात मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांतले उतारे वाचून त्यांतला युक्तिवाद ओळखायचा असतो, तिथे विज्ञान लागतच नाही. २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचाही एक भाग आहे. म्हणजे अर्धा पेपर आपल्या अंगणातला. पण उरलेल्या अर्ध्यात शंभर टक्के विज्ञान असतं, हे विसरून चालत नाही.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये पहिली तुकडी घेतली तेव्हापासूनच विज्ञानाच्या अटीला फारसं महत्त्व दिलं नाही. आजही ते एमकॅटमधला फक्त तो वाचनाचा भाग बघतात. छोट्या छोट्या मुलाखतींची साखळीही तिथूनच जगभर गेली: उमेदवार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो, प्रत्येक ठिकाणी नवा प्रसंग, नवा परीक्षक. बोलण्यात पटाईत असलेले लोक इथे हमखास जिंकतील असं वाटतं. तसं होत नाही. परीक्षक तुमचं ऐकणं तपासत असतो, आणि फार बोलणाऱ्याला तेच जमत नाही.

ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पदवीधरांसाठी चार वर्षांचे अभ्यासक्रम सुरू झाले. ब्रिटनमध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेसने २००० मध्ये कोणत्याही विषयाच्या पदवीधरांना दार उघडलं. दोन्हीकडे गॅमसॅट नावाची परीक्षा चालते. तिच्यात एक भाग वाचनाचा, एक निबंधांचा आणि एक विज्ञानाचा. आपला माणूस पहिले दोन भाग सहज मारतो आणि तिसऱ्याच्या तयारीला शेवटचा महिना ठेवतो. मग तिसराच भाग त्याला बुडवतो.

भारतातलं चित्र एकदम कोरडं आहे, तेही सांगतो. इथे मुलाखत नाही, स्वतःबद्दल लिहायचं निवेदन नाही. नीटच्या १८० प्रश्नांना तुम्ही काय वाचलंय, कोणाची सेवा केलीत, याचं काही घेणं नाही. कमाल वयाची अट २०२२ मध्ये गेली, त्यामुळे चाळिशीतही परीक्षेला बसता येतं. खरी अडचण बारावीची. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतंच. हे विषय बारावीनंतर जादा विषय म्हणून केलेले असले तरी चालतील, अशी सूचना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढली. बीए झालेल्या माणसासाठी फट उघडली ती तिथे. पण दरवर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता दुसरी शंका. इथे मला सिसिली सॉन्डर्सबद्दल बोलायचंय. जन्म १९१८. ऑक्सफर्डला राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकायला गेली. युद्ध सुरू झालं तशी ते सोडून परिचारिका झाली. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, तेव्हा परत जाऊन पदवी घेतली आणि रुग्णालयात समाजसेविका म्हणून रुजू झाली. संध्याकाळी मरणासन्न रुग्णांच्या एका संस्थेत स्वयंसेवक म्हणून जायची. तिथे तिने पाहिलं की वेदनाशामक औषध ठरावीक वेळाने, दुखणं परतण्याच्या आतच दिलं जातं. मोठ्या रुग्णालयांत रुग्ण कळवळून मागेपर्यंत थांबायची रीत होती. हे बदलायचं तर काय करावं, असं तिने एका शल्यविशारदाला विचारलं. त्याने सांगितलं, डॉक्टर हो, तरच लोक ऐकतील. तेहतिसाव्या वर्षी ती वैद्यकीय शाळेत गेली, १९५७ मध्ये डॉक्टर झाली, आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांचं सेवाकेंद्र, उभं केलं. आधुनिक उपशामक सेवेची, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना कमी करणाऱ्या सेवेची, सुरुवात आपण तिथून मोजतो.

बाईंकडे प्रश्न होता, आणि तो रुग्णाच्या खाटेशेजारी सापडलेला होता. अर्जात असं काहीतरी लागतं. वृद्धाश्रमात, अपंगांच्या सेवाकेंद्रात, बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर काम करा. डॉक्टरच्या मागे दोन दिवस फिरणं पुरेसं नाही, तिथे तुम्ही प्रेक्षक असता. कोणाला तरी उठवून बसवा, कपडे बदलून द्या, आणि ते सहा महिने टिकतं का बघा. नाही टिकलं तर पाच-सहा वर्षं वाचली समजा.

वयाचं गणित मी पटकन उरकतो. अभ्यासक्रम चार ते साडेपाच वर्षं, पुढचं प्रशिक्षण किमान तीन, तेही रात्रपाळ्यांचं. तयारीची दोन वर्षं लोक मोजतच नाहीत. पस्तिशीत सुरुवात केली तर पंचेचाळिशीच्या आसपास स्वतःच्या पायावर. कर्ज फेडायला उरलेली वर्षं कागदावर मांडा, आणि घरच्यांना तो कागद दाखवा. पुढे आफ्रिकेत रुग्णालय काढणारा अल्बर्ट श्वाइत्झर तिशीत वैद्यक शिकायला बसला तेव्हा तत्त्वज्ञानात डॉक्टरेट आणि धर्मशास्त्रातही पदवी मिळवलेला होता. जवळच्या लोकांनी त्यालाही वेड्यात काढलंच.

एक चिठ्ठी आली आहे: ‘मुलाखतीत “आत्ताच का” विचारलं तर काय सांगायचं?’ आधीच्या कामाला शिव्या घालू नका, हे पहिलं. ‘शिकवण्यात अर्थ वाटेना’ असं म्हणालात की समोरचा मनात म्हणतो, दहा वर्षांनी वैद्यकातही वाटणार नाही. आधीच्या कामात काय करत होता, ते करताना कशापाशी अडलात आणि पुढचं पाऊल डॉक्टर झाल्याशिवाय का टाकता येत नाही, एवढं सांगा. परिचारिका होऊन किंवा समुपदेशक होऊन ते काम करता येत असेल, तर परीक्षक पुढचा प्रश्न तोच विचारणार. त्याचं उत्तर घरून तयार करून जा.