पहिलं कॅरेक्टर बनवताना पेन्सिल कुणाच्या हातात?

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांशी आहे, त्यातही जे बऱ्यापैकी मुरलेत त्यांच्याशी. येत्या रविवारी तुमच्या टेबलावर कुणीतरी नवीन येणार आहे. समजा, तुमची मावसबहीण नेरूळहून ठाण्याला येतेय. तिचं पहिलं कॅरेक्टर बनवायला मदत करणार तुम्ही, आणि गडबड होते ती इथेच. मदत करणारा हौसेने स्वतःच्या मनातलं कॅरेक्टर बनवतो आणि तयार कागद तिच्यापुढे सरकवतो. मग ती बिचारी तीन तास दुसऱ्याचे आकडे वाचत बसते. ‘मी आता काय टाकू?’ हा एकच प्रश्न तिच्या वाट्याला येतो.

तेव्हा पेन्सिल तिच्या हातात द्या. पेनसुद्धा नको, कारण खोडाखोड होणारच.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो, राक्षस खेळवतो, निवाडा देतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. संचात सात फासे असतात: ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे, शिवाय शेकड्यासाठी दहा बाजूंचा आणखी एक. नवख्या माणसाची दहा आणि बारा बाजूंच्या फाशांत हमखास गल्लत होते. खेळ सुरू होण्याआधी सातही फासे तिच्यासमोर मांडून एकेकदा टाकायला लावा, तेवढं पुरतं.

आता कागदाला हात लावण्याआधी डीएमला एक गोष्ट विचारून घ्या: आपण २०१४ची नियमावली खेळतोय की २०२४ची? दोन्हींचं नाव एक, चेहरामोहरा एक, पण फरक नेमक्या जागी आहे. २०१४मध्ये गुणांची, म्हणजे ताकद, बुद्धी वगैरेंच्या आकड्यांची, वाढ वंशामुळे मिळायची. २०२४मध्ये ती बॅकग्राउंडमुळे मिळते, म्हणजे पात्र आधी काय काम करत होतं त्यावरून. एक पान जुन्या पुस्तकातलं आणि एक व्हिडिओ नव्या नियमांचा असं पाहून कॅरेक्टर बनवलं, की वाढ दोनदा धरली जाते किंवा अजिबात धरली जात नाही. २०२४च्या नियमांचा मूळ गाभा २०२५पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उतरवून घेता येतो. पहिल्या कॅरेक्टरला तेवढा पुरेसा आहे. नवखीला महागडं पुस्तक घ्यायला लावू नका. पुढचं सगळं मी २०२४च्या नियमांप्रमाणे सांगतोय.

मूळ नियमावलीत क्लास, म्हणजे पात्राचे पेशे, बारा आहेत. ते बारा तिच्यापुढे वाचून दाखवायचे नाहीत. ‘पॅलाडिन, वॉरलॉक, सॉर्सरर’ ऐकून ती मान डोलावेल आणि चित्र छान आहे म्हणून एक उचलेल. त्याऐवजी विचारा: दार बंद आहे, पलीकडे कुणीतरी गुरगुरतंय, तुला काय करावंसं वाटतं? ‘लाथ मारीन’ म्हणाली तर फायटर किंवा बार्बेरियन. ‘आधी फटीतून बघीन, मागून जाता येतंय का पाहीन’ म्हणाली तर रोग (Rogue), म्हणजे लपूनछपून काम साधणारा. ‘कुणाला लागलं तर मी आहे’ म्हणाली तर क्लेरिक. ‘त्याच्याशी बोलून बघीन’ म्हणाली तर बार्ड. कबड्डीत चढाईला जाणारा वेगळा आणि कोपरा धरणारा वेगळा, तसंच हे. स्वभावावरून जागा ठरवावी.

आणि ‘जादू हवी!’ म्हणाली तर? द्या की. विझर्ड पहिल्यांदा देऊच नये असं सांगणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. फक्त तिला आधी हिशोब सांगा. पहिल्या लेव्हलच्या विझर्डला तीन कॅन्ट्रिप, म्हणजे हवे तेवढ्या वेळा टाकता येणारे छोटे मंत्र, येतात, पोथीत सहा मंत्र असतात, त्यांतले चार तयार ठेवता येतात, आणि मोठे मंत्र टाकायचे स्लॉट मात्र दोनच. तयार मंत्र चार म्हणजे चार वेळा टाकता येतील असं नवख्याला वाटतं, आणि दुसऱ्या लढाईत हात रिकामे होतात. चार मंत्रांच्या चार चिठ्ठ्या करून द्या, दोन स्लॉटसाठी कॅरमच्या दोन सोंगट्या द्या. मंत्र टाकला की एक सोंगटी डीएमकडे. घोळ संपतो.

आता वही घ्या, एक कॅरेक्टर पूर्ण बनवू. तुमच्या बहिणीने लाथ मारायचं ठरवलंय असं धरू. क्लास फायटर. बॅकग्राउंड सोल्जर. खाडीच्या तोंडावरच्या किल्ल्यात पहाऱ्याला होती असं म्हणू या. ठाण्याच्या माणसाला किल्ला आणि खाडी कल्पनेत आणावी लागत नाही. मध्यवर्ती कारागृह आहे तोच आपला ठाण्याचा किल्ला, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला. अशी ओळखीची जागा मिळाली की नवखी माणसं एकदम बोलायला लागतात. वंश ड्वार्फ घेऊ, ठेंगणी आणि दणकट.

गुण सहा. स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद, डेक्स्टेरिटी चपळाई, कॉन्स्टिट्यूशन काटकपणा, इंटेलिजन्स बुद्धी, विस्डम म्हणजे भोवतालचं भान, आणि कॅरिस्मा म्हणजे समोरच्यावर पडणारी छाप. या सहांना आकडे द्यायचे तीन रस्ते आहेत. चार फासे टाकून सगळ्यात लहान सोडायचा. किंवा २७ पॉइंटमध्ये गुण विकत घ्यायचे. किंवा ठरलेले सहा आकडे वाटायचे: १५, १४, १३, १२, १०, ८. नवख्याला तिसराच रस्ता द्या. फासे टाकण्यात मजा आहे, पण एकाला १८ आणि शेजारच्याला सगळ्यात मोठा १२ पडला तर ती मजा महिनोन्‌महिने सलते. पॉइंटचा रस्ता हिशोबी लोकांसाठी ठीक. पहिल्या दिवशी त्यात पाऊण तास जातो.

वाटप लिहून घ्या. स्ट्रेंग्थ १५, कॉन १४, डेक्स १३, विस्डम १२, कॅरिस्मा १०, इंटेलिजन्स ८. सोल्जर बॅकग्राउंडमुळे स्ट्रेंग्थ, डेक्स आणि कॉन या तिघांत वाढ करता येते: एकात दोन आणि दुसऱ्यात एक, किंवा तिन्हींत एकेक. हात आपसूक स्ट्रेंग्थमध्ये दोन घालायला जातो. तसं केलं तर स्ट्रेंग्थ १७ आणि कॉन १५ होतं, दोन्ही विषम. या खेळात फाशात मिळवायचा आकडा वेगळा असतो, त्याला मॉडिफायर म्हणतात. १० किंवा ११ला शून्य, १२-१३ला अधिक एक, १४-१५ला अधिक दोन, १६-१७ला अधिक तीन. खाली ८-९ला उणे एक. म्हणजे १७ आणि १६ यांचा आज उपयोग सारखाच. तेव्हा स्ट्रेंग्थला एक आणि कॉनला दोन द्या: दोन्ही १६, दोन्हींचा मॉडिफायर अधिक तीन. त्याच तीन पॉइंटांत कॉनचं एक जास्त पदरात पडलं.

नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक हीच, की तो फाशावर ९ पडले तर त्यात १६ मिळवतो आणि २५ म्हणून ओरडतो. कागदावर मॉडिफायर ठळक आणि मोठा लिहा, मूळ गुण कोपऱ्यात बारीक. खेळताना मूळ गुण क्वचितच लागतो.

पुढे हिट पॉइंट, म्हणजे पडेपर्यंत किती मार सोसता येईल तो आकडा. फायटरचा हिट डाय दहा बाजूंचा, आणि पहिल्या लेव्हलला तो टाकायचा नसतो, पूर्ण १० धरायचे. त्यात कॉनचे ३, आणि ड्वार्फ चिवट म्हणून आणखी १. झाले १४. काटकपणा कापून बुद्धी वाढवणाऱ्या विझर्डशी तुलना करा: ६ उणे १, म्हणजे ५. गोब्लिन या साध्या, छोट्या राक्षसाच्या तलवारीचा सरासरी फटका पाचाचा असतो. एका घावात आडवा! म्हणून क्लास कोणताही असो, कॉन १२च्या खाली जाऊ देऊ नका.

आर्मर क्लास म्हणजे शत्रूचा फटका आपल्याला लागण्यासाठी त्याला किमान किती पडायला हवेत तो आकडा. चेन मेल चिलखताचा १६. फायटिंग स्टाइल डिफेन्स घेतली की १७. इथे आणखी एक गल्लत होते: चेन मेलमध्ये डेक्सचा मॉडिफायर मिळवत नाहीत, हलक्या चिलखतात मिळवतात. शिवाय चेन मेलला स्ट्रेंग्थ १३ लागते, नाहीतर चालण्याचा वेग १० फुटांनी घटतो, आणि लपूनछपून जायचं असेल तर दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. बहिणीला हे आत्ताच सांगा, नाहीतर ती रोगच्या मागोमाग दबक्या पावलांनी जाईल आणि सगळा किल्ला जागा करेल. अर्थात, तेही रंगतदार होतंच!

हल्ल्यासाठी ग्रेटसोर्ड. वीस बाजूंचा फासा, अधिक स्ट्रेंग्थचे ३, अधिक प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे सरावाचे, २, एकूण अधिक ५. लागला तर सहा बाजूंचे दोन फासे अधिक ३ इतकं नुकसान. ही ओळ कागदाच्या वरच्या भागात चौकट करून लिहा, कारण संध्याकाळभर ती पंधरावीस वेळा वाचली जाणार आहे. त्याच्या खाली सेकंड विंड: दोनदा वापरता येतं, दहा बाजूंचा फासा अधिक १ इतके हिट पॉइंट परत. नवखे हे विसरतात आणि १४ पॉइंटांतच लढून पडतात. पुढे दोन रिकाम्या चौकोनी खुणा काढा, वापरलं की फुली.

स्किल पटकन उरकतात. सोल्जरकडून ॲथलेटिक्स आणि इंटिमिडेशन, म्हणजे धाक दाखवणं, मिळाली. फायटरच्या यादीतून आणखी दोन घ्यायची. पर्सेप्शन, म्हणजे आसपासचं टिपणं, घ्याच, डीएम सगळ्यात जास्त वेळा तीच मागतो. दुसरी तिच्या आवडीची. अलाइनमेंटवर, म्हणजे पात्र भलं की बुरं यावर, वाद घालत बसू नका.

आता पात्राची गोष्ट. काही उत्साही मंडळी चार पानी आत्मचरित्र लिहून आणतात. पहिल्या लेव्हलच्या माणसाने एवढं सगळं आधीच करून ठेवलं असेल तर आता साहस कशाला करायचं? तीन वाक्यं पुरेत. किल्ला का सोडला. कुणाला शोधतेय किंवा कुणाचं देणं आहे. आणि टेबलावरच्या दुसऱ्या एका पात्राला ती कशी ओळखते. तिसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त गाळलं जाणारंही तेच. ‘मी एकटी असते, कुणावर विश्वास ठेवत नाही’ असं पात्र चित्रात उठून दिसतं, टेबलावर मात्र दर वेळी त्याला सोबत यायची विनवणी करावी लागते. अबोल चालेल, तुसडं चालेल, पण बाकीच्यांबरोबर निघायचं कारण तिच्याकडे हवं. साथीदारांच्या खिशात हात घालणारा चोर पहिल्या खेपेला नकोच.

नाव तिला ठेवू द्या. ड्वार्फ आहे म्हणून घशातून काढायचं परदेशी नाव लागत नाही. भागूबाई चालेल, रखमा चालेल. टेबलावरच्या सगळ्यांना एका दमात म्हणता यायला हवं, एवढीच अट. नाव ठरलं की पुठ्ठ्याची घडी करून, त्यावर मोठ्या अक्षरात लिहून समोर उभी ठेवा.

या सगळ्याला तासभर धरा, आणि हा तास खेळाच्या दिवशी शक्यतो नको. रविवारी चारला जमायचं, सहापर्यंत कॅरेक्टर बनवायचं आणि मग तिचं सगळं लक्ष ट्रान्स-हार्बरच्या परतीच्या गाडीकडे, असं नको. आदल्या आठवड्यात फोनवर क्लास आणि गोष्ट ठरवा, आकडे मात्र समोरासमोर भरा.

सुरू करण्याआधी एक लुटुपुटूची झटापट खेळून घ्या. एक गोब्लिन, तीन फेऱ्या, दहा मिनिटं. कागदावर काय राहून गेलं ते तिथेच उघडं पडतं: इनिशिएटिव्हला, म्हणजे लढाईत कुणाची पाळी आधी ते ठरवणाऱ्या फाशाला, काय मिळवायचं ते लिहिलंच नाही, किंवा फेकायचे आठ भाले सामानाच्या यादीत आहेत पण हल्ल्यांच्या यादीत नाहीत.

आणि दोन-तीन सेशननंतर ती म्हणाली, की लाथा मारून कंटाळा आला, मला तो रोग हवा होता, तर डीएमशी बोलून कॅरेक्टर बदलून द्या. भागूबाईला किल्ल्यावरून बोलावणं आलं म्हणा. जुना कागद फाडू नका. डीएमला पुढे कधीतरी किल्लेदारीण लागेलच, आणि तिचे आकडे तयार असतील.