तलावाची पावती

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते गावचा इतिहास शाळेत शिकवण्याबद्दल, आणि त्याला पैसा कुठून आणायचा याबद्दल. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो आणि पुन्हाही सांगणार आहे: पहिला रुपया गावाचा हवा. विद्यापीठाचा, कंपनीचा, सरकारचा पैसा मागून आला तर चालतो.

का म्हणतो, ते एका तलावापासून सांगतो.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे मामा तलाव कोणाला सांगायला नकोत. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा. मालगुजार म्हणजे सरकारसाठी गावचा सारा गोळा करणारे जुने जमीनमालक. 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. आमची सहल दरवर्षी रायगडाच्या गोष्टी करायची आणि जायची रामटेकला. शाळेमागचा तलाव कोणी बांधला हे मात्र पोरांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

एका हिवाळ्यात जवळच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर गावात आलं. इतिहासाचे प्राध्यापक सोबत होते. ते म्हणाले, पोरं नाल्या साफ करतीलच, पण दुपारी तलावाचा इतिहास का लिहू नये? मग गावातल्या एका आजीकडे गेलो. तिचे सासरे पाणकर होते, म्हणजे तलावाचा तुडुम, पाणी सोडायची मोरी, उघडून धानाच्या बांध्यांना पाणी वाटणारे. आजी म्हणाली, "कायले लिवता जी गुरुजी, हे का पुस्तकातलं हाय?" आणि मग तीन दुपार बोलत राहिली. सासरे रात्री कंदील घेऊन कसे निघत, सुगी झाली की घरोघरून धान कसं मिळे, सगळं. "पानी पयले शेवटच्या बांधीले, मंग तोंडाच्या," असं तिनं सांगितलं. आम्ही तहसिलीतून वाजिब-उल-अर्जची, म्हणजे गावाचे हक्क आणि रिवाज नोंदवलेल्या जुन्या कागदाची, नक्कल काढली. गावाचा पाण्यावरचा हक्क त्यात होता, पण पाळी शेवटाकडून सुरू होते हे कुठेच नव्हतं. ते फक्त आजीजवळ होतं.

आता छपाई. कॉलेज म्हणालं, निम्मा खर्च आम्ही देतो, निम्मा लोकवाटा आणा. लोकवाटा कुठून आणायचा? धान विकून झालेलं, हातात कोणाच्या दमडी नाही. ग्रामसभेत सगळे आढ्याकडे पाहत बसले. तेव्हा ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "एका दिवसाचं जाळं पुस्तकाले."

उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर जाळं टाकलं. तलावाच्या पाळीवरच, म्हणजे बांधावरच, काटा लावला, तिथंच मासोळी विकली. रोहू-कटला जास्त, मरळ थोडी. (रोहूला मरळीची चव नाही, हे मी रेडिओवरूनही सांगायला तयार आहे. तलावात रोहूचं बीज सोडणाऱ्यांनी कधी खाऊन पाहिलं आहे का?) साडेचार हजार रुपये जमले. संस्थेच्या सचिवानं छापील पावती फाडली आणि देणाऱ्याच्या नावापुढे लिहिलं: "तलाव." कशाकरिता? "स्वतःचा इतिहास लिहिण्याकरिता."

कॉलेजच्या हिशेब खात्यानं पावती परत पाठवली. देणगीदार व्यक्ती किंवा संस्था असावा लागतो, तलाव चालत नाही. प्राध्यापक बिचारे तीनदा गेले. शेवटी मच्छीमार संस्थेच्या नावानं दुसरी पावती झाली आणि पुस्तिका निघाली. पहिली पावती माझ्याकडे आहे, कपाटात, सातबाऱ्याच्या फाईलमध्ये.

त्या पुस्तिकेची एक प्रत शाळेत ठेवली होती. ती दोन वर्षांत पार चिंधी झाली, इतकी पोरांनी हाताळली. ज्याच्या घरची मासोळी त्यात गेली, तो आपल्या आज्याचं नाव शोधायला यायचाच. म्हणून म्हणतो, पहिला रुपया गावाचा.

उलटही पाहिलं आहे. 1969-70 साली भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं, बौद्ध स्तूप सापडला. काम मोलाचं, शंकाच नाही. 1972 मध्ये अहवालही छापला, इंग्रजीत. पवनीच्या चौथीतल्या पोरानं तो कसा वाचावा?

आता माणसं आणि पैसा मिळवायचे मार्ग थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्प आणि सामुदायिक सहभागाचं काम श्रेयांकासाठी, म्हणजे क्रेडिटसाठी, करावं लागतं. म्हणजे लिहिणारे हात फुकट मिळतात. ते मागा. चंद्रपूर-गडचिरोलीवाल्यांनी गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजांकडे मागावं, आपण भंडारा-गोंदियावाल्यांनी नागपूर विद्यापीठाच्या. जवळ मोठा कारखाना किंवा खाण असेल तर 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. त्या यादीत शिक्षण आहे, वारसा जपणंही आहे. आमदारांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गावात जितका पैसा उडतो, त्यात दोन पुस्तिका निघतील, पण ते जाऊ द्या.

अर्ज प्राचार्यांच्या नावानं करा. त्यात खर्च खरा लिहा: झेरॉक्स, नकलेची फी, पोरांचं एसटी भाडं, चहा. चहा लिहायला लाजू नका, आजी चहाशिवाय बोलत नाही. सोबत ग्रामसभेचा ठराव आणि लोकवाट्याची पावती जोडा. पहिला रुपया गावाचा, हे कागदावर दिसू द्या.

हिवाळी शिबिराची गावं आधीच ठरतात, तेव्हा दिवाळीच्या आधी कॉलेजात जाऊन या. आणि पावतीवर देणाऱ्याचं नाव माणसाचंच लिहा.

नमस्कार.