शंभर फुटांची सभासद-वर्गणी

[दृश्य: सोळा मिलिमीटरचं रीळ, हळूहळू उलगडतं]

सोळा मिलिमीटरच्या शंभर फूट फिल्ममध्ये ४,००० फ्रेम्स मावतात. सेकंदाला २४ या वेगाने ती २ मिनिटं ४६ सेकंदांत संपते. १९९०च्या दशकात कोरियात काही प्रेक्षक एवढ्याच फिल्मचे पैसे भरून एका माहितीपटाचे सभासद झाले. त्यांना म्हणत ‘शंभर फुटांचे सभासद’. दिग्दर्शिका होती ब्यन यंग-जू.

शिक्षण कायद्याचं, ओढा सिनेमाचा. १९८९मध्ये स्थापन झालेल्या ‘बारितॉ’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटात ती घडली. १९९३मध्ये तिने आशियातल्या देहविक्रयावर माहितीपट केला. त्या कामात भेटलेल्या एका बाईची आई दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सैन्याच्या लैंगिक गुलामगिरीत अडकलेली होती. पुढच्या सात वर्षांचं काम तिथून निघालं.

[दृश्य: या गुलामगिरीबद्दल जपानने माफी मागावी म्हणून दर बुधवारी होणारी निदर्शनं, जपानी वकिलातीसमोर]

त्या गुलामगिरीतून वाचलेल्या काही आज्या ‘नानुमे जिप’ या घरात एकत्र राहत होत्या. त्यांनी आधी चित्रीकरणाला नकारच दिला, आणि तो साहजिक होता. मुलाखतीत गप्प बसणाऱ्या माणसाला वेळ द्यावा लागतो, आणि फिल्मवर वेळ म्हणजे रोकड. चारशे फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. आजी बोलायला लागते, अडखळते, आणि नेमकं तेव्हाच रीळ बदलावं लागतं. दीड तासाच्या तयार चित्रपटाला ३,२४० फूट लागतात. कापून टाकलेलं वेगळंच.

‘हलका आवाज’ अशा अर्थाच्या नावाचा तो माहितीपट १९९५मध्ये थेट चित्रपटगृहात लागला. कोरियन माहितीपटाच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. जपानमधल्या यामागाता माहितीपट महोत्सवात त्याला ओगावा शिन्सुके पुरस्कार मिळाला.

त्याचा दुसरा भाग, १९९७, आज्यांच्या आग्रहावरून झाला. कर्करोगाने आजारी असलेल्या कांग दक-क्यंग यांनी आपले शेवटचे दिवस टिपायला सांगितले. तिसऱ्या भागात तर प्रश्न विचारायलाच एक आजी बसली, ली योंग-सू. दिग्दर्शिका विचारू शकली नसती असं पुष्कळ तिने सहज विचारलं. आमच्या मते तिन्ही भागांतली खरी झेप हीच.

[दृश्य: महामार्गावरचा थांबा, पाऊस]

कथापटांत मात्र घडी लवकर बसली नाही. २००२ आणि २००४मधल्या दोन चित्रपटांनंतर आठ वर्षं पडद्यावर काही नाही. मग २०१२मध्ये ‘ह्वाछा’, मियाबे मियुकी यांच्या जपानी कादंबरीवरून. कादंबरीत शोध घेणारा पोलीस केंद्रस्थानी आहे. इथे नियोजित वराला पुढे आणलं. महामार्गावर गाडी थांबते, तो कॉफी आणायला जातो, परत येतो तर होणारी बायको गायब. नाव, घर, नातलग, सगळं उसनं निघतं, आणि मुळाशी कर्ज. २४ लाखांवर तिकिटं खपली, ‘बेकसांग’ या कोरियन पुरस्कारांत दिग्दर्शनाचा पुरस्कारही मिळाला.

पुढचं मोठं काम आलं २०२४मध्ये, टीव्हीवर: चौदा भागांची मालिका. तिथे फूट कोणी मोजत नाही.