रक्त वाढलं म्हणून पेढे वाटू नका

डेंग्यूचा सीझन होता. एक काका कॉलेजातल्या लेकीचे दोन रिपोर्ट घेऊन आले, रविवारी हिमोग्लोबिन 12.8 आणि मंगळवारी 15.4. चेहरा खुललेला, म्हणे ताप उतरला, शिवाय रक्तही वाढलं, रोज डाळिंब देतोय ना! मी म्हटलं काका, आधी तिला ॲडमिट करा. त्यांना वाटलं हा डॉक्टर काहीही बोलतोय.

आता गंमत बघा, दोन दिवसांत एवढं रक्त कुणाच्याच अंगात तयार होत नाही, गोळ्या घेऊनसुद्धा एक ग्रॅम वाढायला दोन-तीन आठवडे जातात. मग वाढलं काय? तर काहीच नाही, उलट पाणी कमी झालं. डेंग्यूत ताप उतरायच्या सुमारास काही पेशंटमध्ये रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग, बाहेर झिरपतो, आमटी आटली की डाळ वाढत नाही, घट्ट होते, तसं. त्याच रिपोर्टात पीसीव्ही म्हणून एक ओळ असते, त्यालाच हिमॅटोक्रिट म्हणतात, ती 38 वरून 46 झाली होती. म्हणजे 100 मिली रक्तात लाल पेशींचा वाटा आधी 38 मिली होता तो 46 झाला. मूळ आकड्याच्या 20 टक्के वाढ झाली की आम्ही सावध होतो, ही त्याच्या पुढे गेलेली. घरचे सगळे प्लेटलेट-प्लेटलेट करत पपईच्या पानांचा रस शोधत फिरतात आणि खरा इशारा या ओळीत असतो, तिकडे कुणी बघतच नाही. मुलीला मोजून-मापून सलाईन दिलं, पीसीव्ही खाली आला, पोरगी सुखरूप घरी गेली.

उलटंही होतं. गरोदरपणात प्लाझ्मा जवळजवळ दीडपट होतो, लाल पेशी तेवढ्या वाढत नाहीत, म्हणून एरवी बाईला 12 लागतं तिथे गरोदर बाईला 11 चालतं. आणि सलाईन चालू असलेल्या हातातूनच सॅम्पल घेतलं तर भलत्याच माणसाचा वाटावा असा रिपोर्ट येतो, हे मी एका हॉस्पिटलात डोळ्यांनी पाहिलंय, रक्त चढवायची तयारी सुरू झाली होती आणि दुसऱ्या हातातून काढलं तर 13!

बरं, खरंच कमी असेल तर? आपल्याकडे ते पुष्कळ आहे, 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायका ॲनिमिक निघाल्या. बहुतेकदा लोहच कमी असतं, पण दरवेळी नाही. एक मुलगा दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खात होता, हिमोग्लोबिन 11.2 च्या वर हलेना. मी खालच्या ओळी वाचल्या, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, 62, म्हणजे पेशी अगदी बारक्या, पण त्यांची संख्या दर मायक्रोलिटरला 58 लाख, म्हणजे 5.8 मिलियन. लोह कमी असेल तर पेशी सहसा बारक्याही होतात आणि कमीही, इथे बारक्या आणि भरपूर! 62 ला 5.8 ने भागलं तर 13 च्या खाली येतं, असं आलं की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिन बनण्यातल्या आई-बापाकडून आलेल्या सौम्य दोषाची, शंका घ्यायची. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी टेस्ट केली, तेच निघालं. हा आजार म्हणायचाच नाही, फक्त लग्न ठरवताना जोडीदाराचीही तपासणी करायची, कारण दोघंही मायनर असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल थॅलेसेमिया मेजर, म्हणजे आयुष्यभर रक्त चढवावं लागणारं, असायची शक्यता चारात एक. पत्रिका बघतो ना, मग हेही बघा.

पासष्टीच्या आजोबांचं हिमोग्लोबिन 9 आलं आणि लोहही कमी निघालं तर मात्र नुसत्या गोळ्या देऊन मोकळं व्हायचं नाही. त्यांना काही पाळी येत नाही, मग रक्त जातंय कुठून? मूळव्याध, पोटातला अल्सर, कधी आतड्याचा कॅन्सर, दुर्बिणीने बघावं लागतं. शुद्ध शाकाहारी माणसाच्या पेशी मोठ्या निघाल्या, एमसीव्ही 100 च्या वर, तर आधी व्हिटॅमिन बी12 ची तपासणी करा.

हिमोग्लोबिन जास्त असण्याचं थोडक्यात सांगतो. सिगारेट, घोरताना श्वास अडकणं, लेहसारख्या उंचीवर राहणं, यानेही वाढतं. पुरुषात 16.5 आणि बाईत 16 च्या वर दोन-तीनदा आलं, अंघोळीनंतर खाज सुटते, डोकं जड होतं, तर जेएके2 या जीनची टेस्ट सांगतात, हाडाच्या मज्जेतच लाल पेशी जास्त बनतायत का ते बघायला, कारण घट्ट रक्तात गुठळी होते.

मागून कुणीतरी बीटाचं विचारतंय. खा की, सुंदर लागतं कोशिंबिरीत, पण रंग लाल आहे म्हणून रक्त होत नाही. लोहाची गोळी लिंबू-पाण्याबरोबर घ्या, चहाच्या कपाबरोबर नको, आणि शी काळी झाली तर घाबरून बंद करू नका, गोळीमुळे होतं ते. पण गोळी चालू नसताना काळी कुळकुळीत झाली तर त्याच दिवशी या.