तिसऱ्या तारेवरचा गंधार

मागच्या बैठकीत एकांनी विचारलं होतं, ‘ब्लूज म्हणजे जुन्या, खरखरत्या तबकड्या. आज ते वाजवतं कोण, आणि आपल्याला ते सापडणार कसं?’ ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं उदास सुरांचं लोकसंगीत. त्या प्रश्नाचं उत्तर मी एका गावापासून देतो.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात बेन्टोनिया नावाचं खेडं आहे. वस्ती काही शे माणसांची. तिथे रेल्वेच्या रुळांलगत ब्लू फ्रंट कॅफे आहे. कॅरी आणि मेरी होम्स या कृष्णवर्णीय दांपत्यानं तो १९४८ साली सुरू केला. कापसाच्या हंगामात तो रात्रंदिवस उघडा असे. तळलेले मासे, चोरटी दारू आणि गाणं, यासाठी दिवसभर राबलेली माणसं तिथे येत. १९७० पासून त्यांचे चिरंजीव जिमी ‘डक’ होम्स तो चालवत आले. गल्ला सांभाळणारे हेच होम्स गिटार घेऊन गायला बसतात.

ते शिकले गावातल्याच जॅक ओवेन्स यांच्याकडून. ओवेन्सना सुरांची नावं सांगता येत नसत. होम्सनी त्यांच्या हातांकडे बघत बघत विद्या उचलली. समोर बसून तालीम घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता ही गिटार बघा. जाड तारेपासून मी एकेक छेडतो: सा, प, सा, कोमल ग, प, सा. ही बेन्टोनियाची जुळणी. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या, तरी उदासी आधीच भरलेली. हा कोमल ग बारीक तारेकडून मोजल्यास तिसऱ्या तारेवर येतो. तिच्या पहिल्याच फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या पट्टीपाशी, बोट ठेवलं, की गंधार शुद्ध होतो. बोट उचललं, की पुन्हा कोमल. गाणारा या दोन गंधारांमध्ये ये-जा करत राहतो. १९३१ साली याच गावच्या स्किप जेम्स या गायकानं ही जुळणी ध्वनिमुद्रित केली. तो धागा तुटलेला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

होम्स यांचा पहिला अल्बम आला २००६ साली, साठीच्या उंबरठ्यावर. ‘ब्रोक अँड हंग्री’ या छोट्या कंपनीनं तो काढला. २०१९ मध्ये संगीत-निर्माते डॅन ऑवरबाख यांनी त्यांचा ‘सायप्रस ग्रोव्ह’ हा अल्बम केला आणि त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. पण कॅफे त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होता. गाजावाजा होण्याआधीही गाणं चालूच असतं. ते सापडावं म्हणून माझा आग्रह असा, की आवडलेल्या अल्बमवरची बारीक अक्षरं वाचा. कुणी काढला, सोबतीला कोण, शिकवलं कुणी? होम्सचं नाव धरून गेलात, तर ‘रॉबर्ट कॉनली फार’ नावाचे गायक भेटतील. मिसिसिपीचे, राहतात कॅनडात व्हँकूव्हरला, आणि होम्सकडे शिकले आहेत. असे कलाकार आपले अल्बम बँडकॅम्प या संकेतस्थळावर स्वतः विकतात. तिथे घेतलात तर बहुतांश पैसे त्यांच्याच हाती जातात. शिकागोची अॅलिगेटर रेकॉर्ड कंपनीही १९७१ साली एकाच गायकाचा अल्बम काढण्यासाठी उभी राहिली होती. मिसिसिपीतल्याच क्लार्क्सडेलच्या किंगफिश इंग्रॅम या तरुण गायकाचा पहिला अल्बमही २०१९ साली तिनंच काढला.

बरं, आता मी ‘सायप्रस ग्रोव्ह’ लावतो. शब्द कळले नाहीत तरी चालेल, तिसऱ्या तारेकडे कान ठेवा.